सदतिसावी पट्टी

तुणतुणे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण दारावरच्या पाट्या वाचतो कोण! लग्नाआधी ते एका खोलीत एकटे राहायचे, तेव्हा खालच्या मजल्यावरचा न्हावी वर तोंड करून ओरडायचा, "अहो, किती वेळ तेच तुणतुणं!" झालं, तेवढं गल्लीला पुरलं. पुढे पुढे पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न बघता "तुणतुणे, पत्र!" अशी हाक द्यायला लागला, आणि हे गृहस्थ इतके भले की 'ओ' देऊन खाली यायचे. मग त्यांच्या बायकोला सगळे तुणतुणे वहिनी म्हणायला लागले, ते ओघानं आलंच.

बरं, हे तुणतुणं म्हणजे एका तारेचं प्रकरण नव्हतं. तो होता व्हायब्राफोन. पियानोच्या पट्ट्या असतात तशाच दोन रांगांत, जाड दोरीत ओवलेल्या धातूच्या सदतीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली एक नळी, नळीच्या तोंडाशी एक चकती, आणि त्या चकत्या फिरवायला एक छोटी मोटर. लोकरीचं बोंड असलेल्या काठीनं पट्टीवर मारलं की सूर निघतो, आणि चकत्या फिरत असल्या की तो लाटा घेत हवेत राहतो. पायाशी पेडल. दाबून धरलं की सूर टिकतो, सोडलं की मिटतो. हे सगळं उभ्यानं करायचं, एकेका हातात दोन-दोन काठ्या धरून. तुणतुणे त्या चार काठ्या अशा चालवायचे की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला बोटं जरा जास्तच दिलेली दिसतात.

मुळात ते ड्रमवाले. एका मोठ्या हॉटेलच्या चहाच्या दालनात दुपारी चार ते सात बँड असायचा, त्यात मागे बसून ते झांजा घासायचे. एकदा मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत टेबलक्लॉथखाली झाकलेला हा व्हायब्राफोन त्यांना दिसला. कधीच्या काळी कुठल्या तरी परदेशी बँडनं मागे टाकलेला. मॅनेजर म्हणाला, "उचला ते भंगार, मला जागा होईल." तुणतुण्यांनी चार खेपा करून तो सुटा-सुटा घरी आणला. आता शिकवणार कोण? अख्ख्या शहरात हे वाद्य वाजवणारं दुसरं माणूस नव्हतं. मग जॅझच्या रेकॉर्ड आणायच्या, फिरत्या तबकडीवर अंगठा हलकेच टेकवून तिला हळू करायचं, आणि एकेक सूर वेचून घ्यायचा. अंगठ्याला घट्टे पडले. तीन वर्षांत या माणसानं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या आणि बँडच्या पुढच्या रांगेत येऊन उभा राहिला. याला म्हणतात चिकाटी! आपल्यातले शंभरातले नव्वद लोक तिसऱ्या दिवशी ते भंगार पुन्हा हॉटेलात सोडून आले असते.

तर या सदतीस पट्ट्यांपैकी एक पट्टी एकेचाळीस वर्षं तुणतुणे वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणात होती. बटणांच्या डब्याखाली, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून. हे वहिनींना माहीत होतं. तुणतुण्यांना माहीत नव्हतं.

ते घडलं असं. लग्नाला आठ महिने झालेले. घर म्हणजे एकच खोली: एका भिंतीला व्हायब्राफोन, दुसरीला मशीन, मध्ये पलंग. वहिनी तेवीस वर्षांच्या, पाचवा महिना चालू, सकाळपासून उलट्या. त्यात दुकानातून सहा ब्लाउज परत आलेले, शिवण वाकडी म्हणून. आणि नवरा उभा राहून एकच तुकडा वाजवतोय. दहा सुरांचा तुकडा. शेवटी एका सुरावर येऊन थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा पहिल्यापासून. "अहो, अर्धा तास तरी गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. "एकदाच गं, एवढं एकदाच." ते एकदाच दुपारपर्यंत चाललं. मग दोरी झिजली म्हणून तुणतुण्यांनी सगळ्या पट्ट्या काढून चादरीवर मांडल्या आणि हाताला लागल्या त्या चार-पाच पट्ट्या मापाला पिशवीत टाकून नवी दोरी आणायला बाहेर पडले.

वहिनींचं डोकं फिरलं. ज्या सुरावर तो तुकडा येऊन थांबायचा ना, तीच पट्टी त्यांनी बरोब्बर उचलली. सकाळपासून ती एकच पट्टी डोक्यात घण घालत होती, ओळखायला कशाला चुकतील! खणात टाकली, वर बटणांचा डबा ठेवला. मनात एवढंच, की शोधू देत जरा संध्याकाळपर्यंत. तेवढीच शांतता. मग देऊ काढून आणि हसू दोघं.

पण तुणतुणे आले, त्यांनी पट्ट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. दोरी त्यांनी एका सभागृहाच्या वाद्यांच्या खोलीतून आणली होती. तिथंच पिशवीतल्या पट्ट्या बाहेर काढून ती ओवून बघितली होती. "हॉलवरच राहिली," म्हणाले, आणि वहिनींनी तोंड उघडायच्या आत जिना उतरूनसुद्धा गेले. दोन तासांनी परत आले ते भांडूनच. त्या सभागृहाच्या वाद्यांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असायची त्याला सगळे चावीवाले म्हणत. तुणतुण्यांनी त्याला विचारलं, तो म्हणाला मला ठाऊक नाही. यांनी आवाज चढवला, त्यानं चढवला. शेवटी कमिटीचे चार लोक उभे असताना हे बोलून गेले, "मग काय पट्टीला पाय फुटले? तू चोर आहेस!" कमिटीनं त्याच दिवशी चावीवाल्यांकडून खोलीची किल्ली काढून घेतली आणि त्यांना फाटकावर उभं केलं.

हे ऐकलं आणि वहिनी मशीनसमोर जाऊन बसल्या. आता काय सांगणार? अहो, तो चोर नाही, मी आहे? ज्या माणसानं चारचौघांत इतकं बोलून घेतलं, त्याला घरी बसून हे सांगायचं? उद्या सांगू म्हणाल्या. मग परवा. मग बाळंतपण झाल्यावर. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. खोटं बोलायला एक क्षण लागला असेल नसेल, पण खरं बोलायला योग्य वेळ म्हणून कधी सापडलीच नाही.

ती पट्टी होती मधल्या बी फ्लॅटची. व्हायब्राफोनवर बी फ्लॅट तीन: खालचा, मधला आणि वरचा. आणि जॅझवाल्यांना हा सूर म्हणजे जेवणातलं मीठ. क्लॅरिनेट, ट्रम्पेट सगळी मंडळी त्याच्याच आसपास घोटाळत असतात. तुणतुण्यांनी दोनदा लोहाराकडून पट्टी घडवून घेतली. एक वाजली ती ताट पडल्यासारखी, दुसरी वाजलीच नाही. वाद्य बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली होती. दुसरा कोणी असता तर वाद्य झाकून पुन्हा ड्रमवर जाऊन बसला असता. तुणतुणे म्हणाले, "नाही तर नाही. छत्तीस आहेत ना!"

आणि मग त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. मधल्या बी फ्लॅटच्या जागी आले की ते थांबायचे नाहीत, चुकायचे नाहीत. शेजारच्या सुरावरून उचलून थेट खालच्या बी फ्लॅटवर उतरायचे, नाहीतर वरच्याला नुसतं बोट लावल्यासारखं शिवून परत यायचे, नाहीतर त्या जागी एक श्वास सोडून द्यायचे. हॉटेलात चहा पिणारे लोक कप हातात धरून थांबायला लागले. त्यांना वाटायचं, आता येणार, आता येणार, आणि ते यायचंच नाही, भलतीकडूनच काहीतरी गोड यायचं. बँडचे क्लॅरिनेटवाले पहिले सहा महिने कपाळावर हात मारायचे. मग एके दिवशी वहिनींना म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचा आणि त्या वाद्याचा छत्तीसचा आकडा आहे, पण संसार बघा कसा चाललाय!" वहिनी हसल्या. आत गेल्या आणि मशीनच्या खणाला हात लावून उभ्या राहिल्या.

त्या उडीला संगीतवाल्यांत नावच पडलं, तुणतुणे उडी. बाहेरगावचे वादक दुपारच्या चहाचं निमित्त करून ती ऐकायला यायचे. पुढे शहरात आणखी तीन व्हायब्राफोन आले, ते वाजवणारी पोरं तुणतुण्यांकडे शिकायला आली, आणि त्यांची गंमत अशी, की त्यांच्या वाद्यांवर सदतीसच्या सदतीस पट्ट्या शाबूत असताना ती मधला बी फ्लॅट सोडून वाजवायची! तुणतुणे ओरडायचे, "अरे गाढवांनो, तुमच्याकडे आहे, तुम्ही वाजवा की!" पोरं ऐकतात थोडीच.

वहिनींनी त्याचा आधार करून घेतला. बघा, नुकसान तर झालं नाही, उलट नावच झालं, असं मनाला समजवायच्या. फक्त एक रेडिओची आठवण आली की समजूत पटायची नाही. लेक तीन वर्षांची असताना रेडिओच्या वाद्यवृंदात जागा निघाली. तुणतुणे परीक्षेला गेले. समोर नवा कागद ठेवला होता, बघून वाजवायचा. त्यात मधला बी फ्लॅट अकरा वेळा. तुणतुण्यांनी अकरा उड्या मारल्या. परीक्षक म्हणाले, "कागदावर आहे ते वाजवा." हे म्हणाले, "तो सूर माझ्याकडे नाही." "मग पूर्ण वाद्य घेऊन या," म्हणाले परीक्षक, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या दिवशी घरी येऊन तुणतुण्यांनी चहा घेतला, लेकीला खांद्यावर घेतलं आणि चारला हॉटेलात हजर. वहिनींनी त्या संध्याकाळी खण तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला.

बाकी मग प्रायश्चित्त म्हणा, काही म्हणा, वहिनींनी काठ्यांची बोंडं आपल्याकडे घेतली. बोंडावर लोकर गुंडाळणं हे जिकिरीचं काम: सैल गुंडाळली तर आवाज मऊ, घट्ट गुंडाळली तर टणक. वहिनी मशीनवर बसल्या बसल्या त्यांचं वाजवणं ऐकायच्या आणि न विचारता दर आठवड्याला काठी बदलून ठेवायच्या. "हिला कसं कळतं!" तुणतुणे बँडवाल्यांना सांगायचे. "मला मऊ पाहिजे हे मला कळायच्या आधी हिला कळतं." घर बदललं तेव्हा मशीन गाडीवर चढवलं, पण खण वहिनींनी मांडीवर घेतला. घरात नियमच होता: बायकोच्या मशीनला नवऱ्यानं हात लावायचा नाही, नवऱ्याच्या वाद्याला बायकोनं. दोघांनी तो कसोशीनं पाळला.

आणि चावीवाले? ते तीस वर्षं त्याच सभागृहाच्या फाटकावर उभे. तुणतुणे कार्यक्रमाला आले की वाद्याच्या पेट्या बघायचे आणि थंडपणे विचारायचे, "काय, सापडली का?" तुणतुणे मान खाली घालून आत जायचे. कारण त्यांनाही पुढे वाटायला लागलं होतं की आपण घाई केली. पण पट्टी नाही, पुरावा नाही, आता माफी तरी कशाची मागायची?

एकेचाळिसाव्या वर्षी एक रेकॉर्डिंगवाली मुलगी दारात आली. तिनं हॉटेलात तुणतुण्यांना ऐकलं होतं आणि ती हट्टालाच पेटली होती की यांची एक तरी रेकॉर्ड निघालीच पाहिजे. अडुसष्ट वर्षांचा माणूस, उभा जन्म वाजवण्यात गेला, आणि एक रेकॉर्ड नाही? शोभतं का? ती टेबलाशी बसून रेकॉर्डवर घ्यायच्या चालींची यादी करत होती. वहिनी पलीकडे मशीनवर काज करत होत्या.

"काका, शेवटी तुमची स्वतःची एखादी चाल घेऊ या," मुलगी म्हणाली.

तुणतुणे लाजले. अडुसष्टाव्या वर्षी माणूस लाजला! "एक आहे," हळूच म्हणाले. "पण ती वाजवता येत नाही. लग्न झालं त्या वर्षी हिच्यावर केली होती. दहाच सुरांची. ती मधल्या बी फ्लॅटवर येऊन थांबते. खाली नेली की रडकी होते, वर नेली की उद्धट. जेमतेम जमली आणि त्याच दिवशी पट्टी हरवली. हिला ऐकवायची राहूनच गेली."

मशीन थांबलं. वहिनींनी खाली बघितलं तर सुई बोटातून गेली होती.

"मी परदेशात शोधते," मुलगी म्हणत होती. "जुन्या वाद्याची पट्टी मिळेल कुठेतरी."

"मिळेल?" तुणतुणे खुर्चीतून उठलेच. "अगं पोरी, बाकी काही नको मला. एकदा तो सूर हाताखाली आला पाहिजे, बस."

म्हणजे एकेचाळीस वर्षं वहिनी ज्याला आधार धरून बसल्या होत्या, तो आधारच पोकळ. नाव झालं, उडी झाली, सगळं झालं, पण या माणसाला ती पट्टी हवीच होती. आणि ज्या तुकड्याला वैतागून त्यांनी ती लपवली, तो तुकडा त्यांचाच होता. वहिनींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मुलगी गेली. वहिनींनी बोटाला चिंधी बांधली, खण उघडला, डबा बाजूला केला, फ्लॅनेल उलगडलं आणि पट्टी तुणतुण्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"हे काय?"

"तुमची पट्टी."

"इतक्यात मिळाली?"

"मिळाली नाही. होतीच. माझ्याकडे." आणि मग वहिनींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. ब्लाउज, उलट्या, चादर, खण. शेवटी म्हणाल्या, "रेडिओची नोकरी माझ्यामुळे गेली तुमची. मला काय बोलायचंय ते बोला."

तुणतुण्यांनी पट्टी उचलली नाही. मग असे ओरडले की खिडकीतलं कबूतर उडालं. संसारात पहिल्यांदा ओरडले. "रेडिओ गेला खड्ड्यात! मी त्या माणसाला चोर म्हटलं! चार लोकांत! माझ्यामुळे तो फाटकावर उभा राहिला, आणि तुझ्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही?"

"भ्याले हो मी," वहिनी म्हणाल्या. दुसरं काही खरं नव्हतंच, तर काय सांगणार?

दोन दिवस घरात शब्द नाही. चहा होत होता, पोळपाट वाजत होता, पण 'अगं' नाही की 'अहो' नाही. वहिनींनी एवढी शांतता एकदा मागितली होती, ती ही अशी मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तुणतुण्यांनी बूट घातले, पट्टी फ्लॅनेलमध्ये गुंडाळून काखेत घेतली आणि दाराशी थांबले. "येतेस?" म्हणाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं. पदराला हात पुसत त्या तशाच निघाल्या.

चावीवाले आता ऐंशीच्या पुढचे. धोब्याच्या दुकानामागे दोन खोल्यांत मुलाकडे राहायचे. खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. तुणतुण्यांना बघताच सवयीनं म्हणाले, "काय, सापडली का?"

"सापडली," तुणतुणे म्हणाले.

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "कुठे?"

"माझ्याकडे होती," वहिनी म्हणाल्या. "मी लपवली होती. चोरी मी केली आणि आळ तुमच्यावर आला. यांना ठाऊक नव्हतं. परवा सांगितलं मी."

चावीवाल्यांनी हात पुढे केला. तुणतुण्यांनी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. वीतभर आणि वर चार बोटं. "एवढीच?" म्हणाले. "मला वाटायचं केवढी असेल. कमिटीनं केवढा गहजब केला होता." मग पट्टी परत देत म्हणाले, "माझी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ती अधूनमधून म्हणायची, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. मी विचारलेलं नसताना म्हणायची. ज्याच्यावर विश्वास असतो त्याला कोणी असं सांगत बसतं का?"

वहिनींनी हात जोडले आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता. तुणतुणे म्हणाले, "मी चुकलो. तेव्हाच चुकलो होतो. पाय धरू का सांगा."

"पाय नका धरू, गुडघे दुखतात माझे," चावीवाले म्हणाले. "आणि माफ-बिफ मला असं लगेच जमायचं नाही. बसा. चहा घ्या." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "वाजते का अजून?"

तुणतुण्यांनी पट्टी दोरीच्या भोकाशी दोन बोटांत धरली आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. खोलीभर सूर पसरला. आत पोळ्या करणारी सून बाहेर येऊन उभी राहिली.

"रविवारी सकाळी तुमच्याच हॉलमध्ये रेकॉर्डिंग ठरवून घेतलंय," तुणतुणे म्हणाले. "वाद्यांच्या खोलीची किल्ली मी मागून घेतली आहे. पण ती खोली मी उघडणार नाही. तुम्ही उघडायची."

घरी येऊन दोघांनी पट्ट्या चादरीवर मांडल्या आणि नवी दोरी ओवायला घेतली. वहिनींनी दोरी ताणून धरली. छत्तीस पट्ट्यांचा सोनेरी रंग मार खाऊन खाऊन उडालेला, त्या फिकट झालेल्या. आणि मध्ये ही एकटी झगझगीत. तुणतुण्यांनी मारून बघितली. बाकीच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्यानं कणभर उतरल्या होत्या, ही जशीच्या तशी. "वर बोलतेय जरा," म्हणाले. "बोलू दे."

मग चाल वाजवायला घेतली, आणि काय झालं सांगू? हात जाईना! नऊ सूर बरोबर यायचे, दहाव्याला काठी त्या पट्टीवर पोचायची आणि आपोआप उडी मारून खाली जायची. एकेचाळीस वर्षं ज्या हाताला इथं खड्डा आहे म्हणून शिकवलं, तो हात ऐकेना. एकदा, दोनदा, पंधरा वेळा. शनिवारी दुपारपर्यंत तेच. शेवटी त्यांनी काठ्या पट्ट्यांवर टाकल्या. "ही पट्टी मला येत नाही," म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे.

वहिनी मशीनवर एक लोकरीचं बोंड गुंडाळत होत्या. मऊही नाही, टणकही नाही, असं. ते पुरं करून त्यांनी दात लावून लोकर तोडली. तुणतुणे त्यांच्याकडे बघत होते.

"तू वाजव," म्हणाले.

"मी? भलतंच काय!"

"दहावा सूर तुझा. त्या दिवशी ऐकून ऐकून तुझं डोकं उठलं होतं ना? मग कधी येतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

रविवारी चावीवाल्यांनी वाद्यांची खोली उघडली. किल्ली फिरवायला त्यांना दोन्ही हात लागले, पण कोणी मदतीला गेलं नाही, तेवढी अक्कल सगळ्यांना होती. मग ते दाराशी खुर्चीवर बसून राहिले. तुणतुण्यांनी दोन तास वाजवलं, असं की टेबलाशी कानाला यंत्र लावून बसलेली ती मुलगी लिहायचं विसरली. उड्या सगळ्या जिथल्या तिथं. शेवटची चाल आली तेव्हा वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. हातात नवी काठी. आजवर त्यांनी या वाद्याला आपणहून एकदाच हात लावला होता, आणि तो पट्टी लपवायला.

तुणतुण्यांनी सुरुवात केली. एक, दोन, तीन. वहिनींना मोजावं लागलं नाही. त्या खोलीतली ती सकाळ, ते वाकड्या शिवणीचे ब्लाउज, पोटातली लेक, सगळं जसंच्या तसं आलं, फक्त या वेळी डोकं उठलं नाही. नवव्या सुरावर तुणतुण्यांनी हात उचलले आणि बायकोकडे बघितलं. वहिनींनी पट्टीवर मारलं.

सूर इतका स्वच्छ निघाला की वहिनींनी काठी छातीशी धरली. तुणतुण्यांनी पेडल दाबून धरलं होतं. चकत्या फिरत होत्या. सूर लाटा घेत गेला, बारीक झाला, आणखी बारीक झाला, कोणी हललं नाही. आणि तो पुरता विझायच्या आत दाराकडून चावीवाल्यांचा घोगरा आवाज आला.

"सापडली."

मुलीनं कानावरचं यंत्र काढलं. "अहो आजोबा, मध्ये बोलायचं नसतं! ते टेपवर आलं. काका, शेवटचं पुन्हा घेऊ या."

"पुन्हा नाही," तुणतुणे म्हणाले. "राहू दे ते."

"पण रेकॉर्डवर ऐकू येईल. सगळ्यांना."

"सगळ्यांनाच ऐकू आलं पाहिजे," तुणतुणे म्हणाले. "चोर मी त्यांना चारचौघांत म्हटलं होतं." आणि मग त्यांनी पेडलवरचा पाय काढला.